आडोशाचं पाणी

१

पाण्यात होडी टाकण्याआधी दहा मिनिटं काठावर नुसतं उभं राहायचं, हा नियम माझा आहे आणि त्याबद्दल मी कोणाची माफी मागणार नाही. बावीस वर्षं मी रामदासपेठेतल्या एका दवाखान्यात भूल देते आहे. माणसाला झोपवण्याआधी दहा प्रश्न विचारले की नातेवाईक कपाळाला आठ्या घालतात, आणि काही बिघडलं की पहिलं बोट माझ्याकडेच वळतं. त्यामुळे आठ्यांची मला सवय आहे.

दर रविवारी आम्ही तिघं कयाक घेऊन मासे धरायला जायचो. मी, माझा नवरा विहंग आणि मनोहरराव. विहंग घरांचे नकाशे काढतो. मनोहरराव निवृत्त ओव्हरसियर, आमच्याच इमारतीत तळमजल्यावर राहतात. पहाटे पाचला होड्या गाडीच्या टपावर बांधायच्या, कुहीला चहा प्यायचा आणि पुढे धरणाच्या फुगवट्याच्या पाण्यापाशी, बळीरामच्या शेताच्या बांधावर गाडी लावायची. आमच्या घरात मासा शिजत नाही. माझ्या सासूबाई, यमुताई, गळाची पेटीसुद्धा बाल्कनीच्या आत येऊ देत नाहीत. म्हणून धरलेली मरळ एकतर परत सोडायची, नाहीतर बळीरामला द्यायची. न खाणाऱ्यांनी मासे कशाला धरावेत, असं लोक विचारतात. लोकांना दुसरे उद्योग नाहीत.

कयाक म्हणजे एका माणसाची चिंचोळी होडी. बसलेला माणूस कमरेपर्यंत पाण्याच्या पातळीला असतो. वाऱ्याने मनावर घेतलं तर तिचं काही चालत नाही. म्हणून आधी बघायचं. पाणी आरशासारखं आहे का, त्यावर नुसती सुरकुती आहे का, लाटांचे शेंडे पांढरे फुटताहेत का. वारा काठाकडून पाण्याकडे जात असेल तर जास्त जपायचं, कारण काठाजवळ सगळं शांत दिसतं आणि खरी लाट पार आत असते. मग मी मूठभर मुरमुरे पाण्यावर टाकायची आणि ते कुठे आणि किती वेगाने सरकतात ते बघायची. ही युक्ती बळीरामची. पिशवीतले अर्धे मुरमुरे मनोहरराव आधीच खाऊन टाकायचे.

"वहिनी, मोबाइलवर वारा ताशी आठ किलोमीटर दाखवून राहिलं," ते म्हणायचे. "कायले उभं करून ठेवता?"

"मोबाइल नागपुरात बसून सांगतो. मी इथे उभी आहे."

विहंग तेवढ्यात गळाला दोरा बांधून पाण्यात उतरलेलाही असायचा. एकोणीस वर्षांच्या संसारात त्या माणसाने माझं एक ऐकलेलं नाही. हेल्मेट नाही, रक्तदाबाची गोळी नाही, पाण्यावर जाताना अंगात घालायचं जाकीट तर नाहीच, ते तो बुडाखाली घेऊन बसायचा. तरी मी दर रविवारी एक गोष्ट सांगायची, शाळेतल्या बाईंसारखी, त्याला पाठ होईपर्यंत. वारा अंगावर आला तर सरळ रेषेत परतू नका. सपाट पाणी शोधा. पाणी सपाट दिसतं म्हणजे तिथे काहीतरी वारा अडवतंय, बांध असेल, झाडं असतील, टेकाड असेल. त्या आडोशाआडोशाने या.

हे खरं आहे. कोणालाही विचारा.

२

मार्चच्या दुसऱ्या रविवारी मी काठावर उभी होते. सकाळचे सहा वीस झाले होते. पश्चिमेचा, म्हणजे आमच्या पाठीकडचा बारीक वारा होता आणि पाण्यावर सगळीकडे सारखी सुरकुती होती. फक्त अर्ध्या किलोमीटरवर एक पट्टी सपाट होती.

आता ही पट्टी काय असते ते सांगते. वाऱ्यात होडी आडवी उभी असली की तिच्या पलीकडच्या बाजूला पाणी गुळगुळीत होतं. होडी वारा अडवते, त्यामुळे तिच्या मागे लांबट सपाट पट्टा पडतो. होडी दिसली नाही तरी पट्ट्यावरून ती कुठे आहे हे सांगता येतं. मी मनोहररावांना अशीच लांबून शोधते.

पण त्या दिवशी मनोहरराव माझ्या शेजारी मुरमुरे खात होते. विहंग गळ निवडत होता. तिन्ही होड्या चिखलात पडल्या होत्या. आणि अर्ध्या किलोमीटरवर होडीच्या मागे पडतो तसा पट्टा पडला होता, आणि त्याच्या टोकाला होडी नव्हती.

मी दुर्बीण लावली. टोकाला काही नव्हतं. लाकूड नाही, पक्षी नाही, गवत नाही. सुरकुती यायची, एका जागी थांबायची आणि तिथून पुढे पाणी सपाट.

तेल सांडलं असेल, मी म्हटलं. पण तेलाचा पट्टा वेडावाकडा असतो, रंग मारतो. खाली उथळ असेल, म्हटलं. बळीराम बांधावर बैल बांधत होता, त्याला विचारलं.

"तिथं कायचं उथळ, बाई? तिथं दोन बांबू जोडले तरी तळ नाही लागत."

"मग ते सपाट काहून दिसतं?"

त्याने बघितलंच नाही. मी बोट दाखवत होते आणि तो दाव्याची गाठ पुन्हा सोडून पुन्हा मारत होता. "दिसत असन," तो म्हणाला.

मला संताप आला. बघून नाही म्हण, दिसत नाही म्हण, पण बघ तरी. आणि कृपा करून पाण्याखाली गाव आहे आणि देऊळ आहे असल्या गोष्टी मला कोणी सांगू नयेत. प्रत्येक धरणाखाली गाव आहे. त्याने वारा अडत नाही.

३

पुढच्या रविवारी पट्टा पुन्हा होता. आता तीनशे मीटरवर. वारा त्या दिवशी उलटा, पूर्वेचा होता, आणि पट्टाही उलटा, आमच्या काठाच्या दिशेने पडला होता. म्हणजे तो खरोखरचा आडोसा होता. तेल वाऱ्याबरोबर बाजू बदलत नाही.

विहंग आणि मनोहरराव दक्षिणेला वाळलेल्या झाडांकडे गेले. धरण भरलं तेव्हाची ती झाडं आहेत, अजून पाण्यात उभी आहेत, आणि त्यांच्या बुंध्यांशी मरळ सापडते. मी त्यांच्या मागे गेले नाही. मी वळसा घालून पट्ट्याच्या टोकापाशी गेले, वाऱ्याच्या बाजूने. भीती वाटत होती का? नाही. मला राग आला होता. मी ज्या गोष्टीच्या भरवशावर माणसांना पाण्यावर सोडते ती गोष्ट माझ्याशी खोटं बोलत होती.

वीसेक फुटांवर थांबून मी मुरमुरे टाकले.

ते वाऱ्याबरोबर निघाले, जसे निघायला हवे तसे. सुरकुतीवर हेलकावे खात दहा फूट गेले, पंधरा फूट गेले, आणि थांबले. एकेक करून थांबत गेले आणि एका ओळीत जमले. पाण्यात म्हैस बसलेली असते तेव्हा तिच्या अंगाला लागून पानं जमतात ना, अगदी तशी ती ओळ होती. मध्ये जरा फुगलेली आणि दोन्हीकडे मागे वळलेली. लांबी आठेक फूट.

मी वल्हं उचलून लांब केलं आणि ओळीच्या वरच्या हवेत फिरवलं. कशालाच लागलं नाही. हवाच होती. पाण्यात घातलं, पाणीच होतं. मुरमुरे मात्र हलत नव्हते.

मी मोठ्याने म्हणाले, "हे असं होत नाही."

तेव्हा ती ओळ वळायला लागली. हळूहळू, घाई नसल्यासारखी. एक टोक माझ्या जवळ आलं, दुसरं लांब गेलं. कोणी पाठमोरं बसलेलं असावं आणि हाक ऐकून खांदा वळवावा, तेवढीच ती वळली आणि थांबली.

मी मागे वल्हवत निघाले. तोंड तिकडेच ठेवून, लांबून वळसा घालत, काठाला होडीचं बूड घासेपर्यंत.

४

परतताना कुहीच्या टपरीवर मी दोघांना सगळं सांगितलं आणि म्हटलं, ही जागा बंद. आपल्याला विदर्भात दुसरं पाणी कमी नाही.

मनोहररावांनी बशीतला चहा आधी संपवला. मग म्हणाले, "वहिनी, रागावू नका. झोप पुरी नाही होत तुमची. ड्युट्या किती करता तुम्ही."

"माझ्या ड्युटीचा आणि मुरमुऱ्यांचा काय संबंध?"

"मुरमुरेच ते. कुठंही जमतात."

विहंग हसत होता. तो म्हणाला, "गार्गी, दिवसभर सगळ्यांना झोपवतेस, आता जागेपणी स्वप्नं बघून राहिलीस का?"

टपरीवरचे दोन अनोळखी इसमही हसले. मला कोणी हसलं याचं वाईट वाटत नाही. पण ज्या माणसाच्या आईच्या तीन ऑपरेशनांना मी उभी राहिले, जो माणूस माझ्या 'हो' म्हणण्यावर आपली आई टेबलावर झोपवतो, त्याला माझ्या डोळ्यांवर विश्वास नाही. गाडीत मी मागच्या सीटवर जाऊन बसले. घरी आल्यावर खूप बोलले.

शेवटी त्यांनी जायचं ठरवलं. मी म्हटलं, जा. मी काठावर येईन, पण वारा बघणार नाही, मुरमुरे टाकणार नाही, हो म्हणणार नाही आणि नाही म्हणणार नाही. तुमचा मोबाइल आहे ना, त्याला विचारा.

हे मी रागात म्हटलं होतं. राग खरा होता आणि मी आजही तो मागे घेत नाही. पण त्या रविवारी मी वारा बघितला नाही, हेही खरं आहे.

५

एप्रिलचा पहिला रविवार. मी बांधावर आंब्याखाली पाण्याकडे पाठ करून बसले आणि पेपर वाचला. मोबाइल सहा किलोमीटर म्हणत होता. दोघं साडेसहाला उतरले. विहंग जाताना म्हणाला, "रुसून राहिलीस का अजून?" मी पान उलटलं.

आठ वाजता पेपर हातातून उडाला.

उठून बघितलं तर आत पाणी पांढरं झालं होतं. आमच्याच पाठीकडून, पश्चिमेकडून वारा सुटला होता. काठाजवळ काहीच नाही आणि आत शेंडे फुटताहेत. हेच मी दहा मिनिटं उभं राहून बघत असते, यासाठीच. मी शिट्टी फुंकली. मनोहरराव जवळ होते. ते बांधाच्या आडोशाने दम खात खात काठाला लागले आणि चिखलातच बसले.

विहंग वाळलेल्या झाडांच्याही पलीकडे गेला होता. दुर्बिणीत तो मला स्पष्ट दिसत होता. वाऱ्याला तोंड देऊन वल्हवत होता आणि जागचा हलत नव्हता. चार हात पुढे येई, तीन हात मागे जाई. लाटा मांडीवर फुटत होत्या. जाकीट अंगात नव्हतं.

आणि त्याच्या नि माझ्या मधे पट्टा पडला होता. त्या सगळ्या पांढऱ्या पाण्यात एकच लांबलचक सपाट पट्टा, एक टोक काठापासून शंभर मीटरवर आणि दुसरं जवळजवळ विहंगच्या होडीपर्यंत. इतका लांब मी तो कधी बघितला नव्हता. कोणी सतरंजी अंथरून ठेवावी तसा तो अंथरलेला होता.

विहंगने मान वर केली. तो पट्टा त्याला दिसला, ते मला कळलं. मग तो माझ्याकडे बघायला लागला. एवढ्या लांबून डोळे दिसत नाहीत, पण एकोणीस वर्षांत माणसाची मान ओळखता येते. तो माझं सांगणं आठवत होता.

मी ओरडले. नाव घेऊन ओरडले, नको म्हणून ओरडले, घसा फाटला. वारा त्याच्या दिशेने होता, निदान त्याला ऐकू तरी गेलं असेल. पण मी रविवारचे रविवार ज्या सुरात ओरडते तोच तो सूर. त्याने हात वर करून मला बरं म्हटलं आणि होडी सपाट पाण्यात घातली.

एकोणीस वर्षांत पहिल्यांदा त्या माणसाने माझं ऐकलं.

६

आत शिरल्यावर त्याला काहीच कष्ट पडले नाहीत. आरामात वल्हवत तो पट्ट्याच्या टोकापर्यंत आला. दोन्ही बाजूंना लाटा फुटत होत्या आणि त्याच्या टोपीची दोरीसुद्धा हलत नव्हती. तिथे, अगदी टोकाशी, त्याने वल्हं मांडीवर ठेवलं आणि थांबला.

काठ शंभर मीटरवर होता. मी हातवारे करत होते. त्याने माझ्याकडे बघितलं नाही. तो किंचित बाजूला वळून बसला होता, पाहुणे आले की आपण खुर्चीत वळून बसतो तसा. मधेमधे मान हलवत होता. एकदा हसला. एकदा पुढे सरकून बसला, मागे जागा करावी तसा.

अकरा मिनिटं. घड्याळ बघत राहणं हे माझं काम आहे, त्यामुळे ती अकराच होती.

मग होडीचा मागचा भाग खाली बसला, चांगला वीतभर, आणि पुढचं टोक वर आलं. विहंगने वल्हं उचललं आणि तो काठाकडे निघाला. पट्टाही त्याच्या मागे मागे निघाला. तो येत गेला तसं जुन्या जागचं पाणी पांढरं होत गेलं.

बळीरामने पाण्यात उतरून होडीचं टोक धरलं आणि ओढायला लागला. मनोहररावांनी हात लावला. दोघांनी मिळून ती कशीबशी चिखलावर घेतली.

"साहेब, होडी जड लागून राहिली," बळीराम म्हणाला. "पाणी भरलं का?"

होडीत पाणी नव्हतं. एक मरळ होती, चांगली दोन किलोची. विहंगने ती पुढे केली तर बळीरामने दोन्ही हात धोतराला पुसले. "आज नको मले," म्हणाला आणि बैल तिथेच सोडून घराकडे चालता झाला.

विहंग माझ्याजवळ आला. कपडे कोरडे होते. "गार्गी," तो म्हणाला, "तू बरोबर सांगत होतीस. आत अजिबात वारा नव्हता."

कुठलीही बायको या वाक्यासाठी जन्मभर थांबते. मला त्याला थोबाडीत मारावंसं वाटलं. मी त्याच्या छातीवर दोन्ही मुठी मारल्या आणि रडले. तो शांत उभा होता. आंब्याची पानं सळसळत होती, माझे केस तोंडावर येत होते. मग मी त्याला मिठी मारली, त्याच्या पाठीमागे हात नेले, आणि माझ्या हातांना वारा लागायचा थांबला.

७

हा सगळा धक्क्याचा परिणाम, असं मनोहररावांचं मत. मी विहंगला घाबरवून ठेवलं, म्हणून तो गप्प झाला, असंही ते जिन्यात कोणाला तरी सांगत होते. मी दार उघडून त्यांना विचारलं की तुमच्या मोबाइलने सहा का दाखवलं. ते घरात गेले.

विहंगच्या मी सगळ्या तपासण्या करून घेतल्या. हृदय, फुप्फुसं, रक्त, डोकं. सगळं उत्तम. रक्तदाबसुद्धा, आणि तोही गोळ्यांशिवाय. माझ्या सहकाऱ्याने त्याची पाठ थोपटली आणि हात जरा चटकन मागे घेतला. का, म्हणून विचारलं तर म्हणाला, काही नाही.

एप्रिल सरत आला, कूलर लागले. आमच्या हॉलच्या खिडकीत मोठा कूलर आहे. त्याच्यासमोर सोफा आणि सोफ्यामागे यमुताईंची कॉट. त्यांचं दुपारचं सगळं आयुष्य त्या झोतात जातं.

"विहंग, सरक रे थोडा," त्या पहिल्याच दुपारी म्हणाल्या. "हवा अडते."

तो सरकला. सोफ्याच्या डाव्या टोकाला गेला. नेहमी पाय पसरून मधोमध बसणारा माणूस हल्ली कडेलाच बसतो.

"अजून येत नाही रे. कूलर बंद पडला का?"

कूलर धडधडत होता. पडदे उडत होते. मी टेबलावरच्या बिलाची एक पट्टी फाडली आणि ती दोन बोटांत धरून हॉलभर फिरले. सासूबाई माझ्याकडे बघत होत्या, बघू देत. टेबलापाशी पट्टी फडफडली. टीव्हीपाशी फडफडली. विहंगच्या मागे आणली आणि ती सरळ खाली लोंबली. बसलेल्या माणसाच्या मागे आडोसा पडतो तो दोन फूट, तीन फूट. मी भिंतीपर्यंत गेले. चौदा फूट, पट्टी हलली नाही. आणि रुंदी नुसत्या विहंगएवढी नव्हती. त्याच्या उजवीकडे सोफ्यावर जी जागा रिकामी होती, तिच्याही मागे पट्टी हलत नव्हती.

मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले. "विहंग, हे काय आहे?"

"काय?"

"तुझ्या शेजारी काय आहे?"

त्याने शेजारी बघितलं, मग माझ्याकडे. चिडला असता तर मला बरं वाटलं असतं. एकोणीस वर्षं आम्ही भांडत आलो, मला त्याचं भांडण ओळखीचं आहे. तो नम्रपणे म्हणाला, "मोठ्याने बोलू नकोस गं."

कॉट मी आतल्या खोलीत हलवली. यमुताईंना सांगितलं, हॉलमध्ये डास झालेत.

८

मे महिन्यातल्या एका दुपारी वीज गेली. कूलर, पंखे, सगळं थांबलं, आणि मला चक्क हायसं वाटलं. हवाच नसली की आडोसाही कळत नाही. तिघांची पानं मी टेबलावर मांडली. बऱ्याच दिवसांनी यमुताई बाहेर येऊन बसल्या. विहंग टेबलाच्या कडेला बसला होता आणि त्याच्या उजवीकडची खुर्ची त्याने थोडी मागे ओढून ठेवली होती. मी ती मुकाट्याने आत ढकलली. पोळी घेऊन आले तर ती पुन्हा मागे होती.

वरणावर घालायला मी तेल तापवलं. त्यात भिवापुरी मिरचीचं तिखट टाकलं आणि ते करपलं. लाल धूर उठला. धूर काढायचा पंखा बंद, खिडक्या उन्हासाठी लावलेल्या. असा ठसका उठला की विचारू नका.

मी खोकत खोकत कढई घेऊन बाहेर आले. यमुताई पदर तोंडाला लावून खोकत होत्या, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. विहंग शांतपणे कोशिंबीर वाढून घेत होता. त्याला एक ठसका लागला नाही. मी कढई ठेवली आणि त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. नाकपुडीसुद्धा हलली नाही.

यमुताईंचा खोकला थांबला. मी श्वास रोखला, माझाही थांबला. वीज नसताना घर किती शांत असतं ते नागपूरकराला सांगायला नको.

मग कोणीतरी खोकलं.

लहानसा, दाबलेला खोकला. परक्याच्या घरी जेवायला बसलेला माणूस, यजमानांना वाईट वाटू नये म्हणून ओठ मिटून खोकतो, तसा. एकदा झाला. मग आवरत नाही म्हणून पुन्हा, दोनदा. मी आयुष्यभर लोकांचे श्वास ऐकत आले आहे. म्हाताऱ्याचा खोकला, बाईचा खोकला, मुलाचा खोकला मला डोळे मिटून ओळखता येतो. हा यातला कुठलाच नव्हता. त्याच्या आत खूप जागा होती.

विहंगने स्वतःचा पाण्याचा ग्लास उचलला आणि उजवीकडे ठेवला. "सावकाश," तो म्हणाला, मला नाही.

यमुताईंनी पदर खाली घेतला. "कोण रे?" त्यांनी विचारलं. "कोण आलंय?"

मला ओरडायचं होतं. हे माझं घर आहे, हे ताट मी वाढलंय, हा नवरा मी एकोणीस वर्षं सांभाळलाय, त्याच्याशी भांडून, त्याच्या गोळ्या मोजून. तुम्हाला इथे कोणी बोलावलं, असं मला त्या खुर्चीला विचारायचं होतं. शब्द अगदी जिभेवर होते. मी तोंड उघडलं आणि तेवढ्यात गालांना जाणवलं की धूर माझ्याकडे येता येता फुटून दोन्ही बाजूंनी चाललाय. मी आडोशात उभी होते. समोरची खुर्ची वळली होती, माझ्याकडे.

विहंगने माझ्याकडे बघितलं. स्वतःच्या वडिलांबद्दलही तो कधी इतक्या आदराने बोलला नव्हता.

"त्यांना तिखट सोसत नाही गं," तो म्हणाला. "उद्यापासून मिरची जरा कमी घाल."

दुसऱ्या दिवशी मी मिरची कमी घातली.